थोरल्या ताई बनावट निघतात

स्टोअरसाहेबांच्या घरात चपला सोडल्या तर कुठलीही वस्तू जोडीने नांदत नसे. कात्री एक, छत्री एक, पाना एक. त्यांची सगळी नोकरी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली होती, आणि एकच वस्तू दोन ठिकाणी असली की ती शेवटी एकाही ठिकाणी सापडत नाही, असं त्यांचं मत तिथे पक्कं झालं होतं. निवृत्त होताना कारखान्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, तेव्हा घरी येऊन त्यांनी आधी हॉलमधलं चालू घड्याळ उतरवलं आणि समोरच्या होमिओपॅथ डॉक्टरांना देऊन टाकलं. भेटीचं घड्याळ लवकरच बंद पडलं. तेव्हापासून त्यांच्या पत्नी, ज्यांना ते बाईसाहेब म्हणत, किती वाजले ते बघायला डॉक्टरांचं दार वाजवतात, आणि डॉक्टर वेळेबरोबर त्यांची झोप कशी लागते तेही विचारून घेतात.

अशा माणसाच्या हाती कॉम्प्युटर पडू नये. पण तो पडला. बाईसाहेबांच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे स्टोअरसाहेबांचे साडू, बँकेत मॅनेजर होते. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःला नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना, सगळं पुसून, "घ्या तुम्हाला, तुमचं काम ते किती असणार" असं म्हणत स्टोअरसाहेबांना दिला. ते वाक्य स्टोअरसाहेबांच्या जे जिव्हारी लागलं ते निघालंच नाही. त्याच डब्यावर असं काही करून दाखवायचं की मॅनेजरसाहेबांनी तोंडात बोट घातलं पाहिजे, एवढं त्यांनी मनाशी धरून ठेवलं.

संधी आली ती थोरल्या ताईंच्या साठीच्या रूपाने. बाईसाहेब धरून एकूण तीन बहिणी. थोरल्या ताई, मधल्या बाईसाहेब आणि धाकटी. तिघींच्या माहेरचे, लग्नांचे, गेलेल्या आईचे सगळे फोटो स्टोअरसाहेबांनी मागच्या वर्षी गोळा करून, एकेक स्कॅनरच्या काचेवर पालथा घालून कॉम्प्युटरात चढवले होते. ते काम त्यांनी खरोखर जीव ओतून केलं होतं. फक्त ते झाल्यावर, आता कागद पुन्हा कशाला, एक माल एक जागा, अशा विचाराने त्यांनी सगळे अल्बम रद्दीत घातले होते. ही गोष्ट त्यांनी बहिणींना सांगितली नव्हती, कारण कुणी तसं विचारलं नव्हतं.

"एखादा फोटोवाला बोलावू," मॅनेजरसाहेब फोनवर म्हणाले. "मोठ्या पडद्यावर ओळीने दाखवतात. व्यवस्थित होतं."

"व्यवस्थित मीही करतो," स्टोअरसाहेब म्हणाले. "आणि फुकटात करतो. रविवारी सगळे आमच्याकडे या."

फुकटाचं त्यांना अलीकडेच वेड लागलं होतं. वर्तमानपत्राच्या पुरवणीत 'घरच्या कॉम्प्युटरसाठी उपयोगी फुकट सॉफ्टवेअर' असं एक सदर येत असे आणि स्टोअरसाहेब ते कापून, फ्रीजवर चिकटवून, भक्तिभावाने एकेक गोष्ट उतरवून घेत. साफसफाई करणारं आलं. कॉम्प्युटरचा वेग वाढवणारं आलं, आणि त्याने वाढलेला वेग मोजणारं आलं, जे चालू असताना कॉम्प्युटर हलेनासा होई. त्यातल्या कुणाच्या तरी शेपटीला धरून एक न मागितलेलंही आत शिरलं. ते दर तासाला अत्यंत गोड बायकी आवाजात "थोडं पाणी प्या ना" असं म्हणायचं. पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा बाईसाहेब स्वयंपाकघरातून झारा हातात घेऊनच बाहेर आल्या.

"कोण आहे ती?"

"कोणी नाही. फुकट आहे."

हे उत्तर पुरेसा विचार करून दिलेलं नव्हतं, हे स्टोअरसाहेबांच्या लगेच लक्षात आलं.

शेजाऱ्यांचा सल्ला या बाबतीत सुरुवातीपासूनच भरघोस होता. डॉक्टरांचं म्हणणं, कॉम्प्युटरला एकदम एवढं देऊ नये, एक द्यावं आणि तीन आठवडे काय होतं ते बघावं. वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंचा आक्षेप वेगळाच. "त्या अटी वाचल्यात का?" त्यांनी दारातच विचारलं. "'मान्य आहे' म्हणून टिचकी मारता ना, त्याच्या वर अटी असतात." अटी कुणी वाचतं हे स्टोअरसाहेबांना ठाऊकच नव्हतं. वकीलबाईंनी मग चष्मा बदलला, त्यांच्याच खुर्चीत बसल्या आणि सबंध दुपार त्या अटी वाचल्या. मधे दोनदा चहा झाला. एकदा त्या "वा!" असंही म्हणाल्या. संध्याकाळी उठताना त्यांनी निकाल दिला की, सॉफ्टवेअरमुळे काहीही बिघडलं तर त्याला बनवणारे जबाबदार नाहीत, आणि काही सुधारलं तर त्यालाही नाहीत.

आता रविवारच्या कार्यक्रमासाठी फोटो निवडायचे म्हणजे आधी ते नीट लावले पाहिजेत. फोटो कॉम्प्युटरात चढवताना काही दोनदा चढले होते. म्हणजे एकाच मालाचे दोन कप्पे! स्टोअरसाहेबांना ते कळल्यापासून जेवण गोड लागेना. आणि नेमकं त्याच आठवड्यात पुरवणीत आलं: एकसारखे फोटो शोधून जादाचे काढून टाकणारं फुकट सॉफ्टवेअर. आपल्या आयुष्यभराच्या तत्त्वज्ञानावर जगाच्या पाठीवर कुठेतरी कुणीतरी सॉफ्टवेअर लिहिलं आहे, हे वाचून त्यांना भरून आलं.

ते चक्क मराठीतही चालत होतं. भाषांतर कुणी केलं होतं देव जाणे, पण माणूस कडक असावा. ठेवायच्या फोटोला तो 'अस्सल' म्हणत होता आणि जादाच्या फोटोला 'बनावट'. खाली एक पट्टी होती. तिच्या एका टोकाला 'काटेकोर' आणि दुसऱ्या टोकाला 'उदार'. स्टोअरसाहेबांनी पट्टीकडे बघितलं. आदल्याच दिवशी बाईसाहेब त्यांना, तुमचा हात जरा मोकळा कधी व्हायचा, असं बोलल्या होत्या. ते आठवून त्यांनी पट्टी उदारच्या टोकाला नेऊन भिडवली. आता उदार म्हणजे काय, तर जरासं साम्य दिसलं तरी हे दोघं एकच आहेत असं मोठ्या मनाने मानून घ्यायचं, हा अर्थ त्यांना नंतर समजला.

इथे एक सांगायला हवं. या तीन बहिणी दिसायला इतक्या सारख्या की स्वतः स्टोअरसाहेबांनी साखरपुड्यात पहिल्यांदा बोलणं केलं ते थोरल्या ताईंशी. तेच कपाळ, तीच हनुवटी, फोटो काढणारा दिसला की डोळे मिटायची तीच सवय. आणि ही सगळी सामग्री मूळ त्यांच्या आईची.

सॉफ्टवेअरने बराच वेळ खर्र खर्र केलं आणि निकाल लावला. अस्सल: धाकटी. बनावट: बाईसाहेब. बनावट: थोरल्या ताई. स्टोअरसाहेबांना याची इतकी गंमत वाटली की त्यांनी बाईसाहेबांना हाक मारून ते दाखवलं. बाईसाहेबांनाही हसू आलं. बहिणीचा चेहरा आणि त्यावर लाल अक्षरांत बनावट! त्यांनी हसत हसत ताईंना फोन लावला. स्टोअरसाहेबांनी तेवढ्यात, प्रत्येक फोटो उघडून कुठे बघत बसायचं म्हणून, 'बनावट काढून टाका' वर टिचकी मारली. साफसफाईच्या सॉफ्टवेअरने लगेच मागून येऊन कचरापेटीही रिकामी केली. ते फार तत्पर होतं.

तिकडे फोनवर ताई हसल्या नाहीत.

"मी सगळ्यांत आधी जन्मले," ताई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फोनमधून हॉलभर ऐकू आला. "मी कुणाची नक्कल करणार? नक्कल झाली असेल तर माझी झाली असेल! कोण म्हणतं मी बनावट?"

"अगं, सॉफ्टवेअर म्हणतं."

"कुणाच्या घरी म्हणतं?"

ताईंनी जाहीर केलं की आपण रविवारी येत नाही. अस्सल बहीण आहे ना तुमच्याकडे, तिचीच साठी करा. धाकटी तेव्हा जेमतेम पन्नाशीत होती. तिला हे कळलं तेव्हा तिने, झाल्या प्रकाराबद्दल फार वाईट वाटतं, असं सांगितलं, पण तो निकाल आपल्याला फोनवर पाठवता येईल का, असंही विचारलं.

गोष्ट जिन्याने वर-खाली फिरायला वेळ लागला नाही. इमारतीत चष्म्याचं दुकान चालवणारे जुळे भाऊ राहत. थोरला कोण यावरून त्यांचा जन्मापासून वाद होता. ते दुसऱ्याच दिवशी आपापला फोटो घेऊन हजर झाले. "काय तो सोक्षमोक्ष लागू दे," दोघं एकदमच म्हणाले. स्टोअरसाहेबांनी आढेवेढे घेतले, पण खरं म्हणजे एवढ्या आदराने त्यांच्याकडे नोकरीतही कुणी आलं नव्हतं. त्यांनी फोटो चढवले. सॉफ्टवेअरने विचार करून दोन्ही भावांना बनावट ठरवलं. अस्सल निघाले इमारतीचे सेक्रेटरी, ज्यांचा ध्वजवंदनाचा फोटो त्याच कप्प्यात पडलेला होता. तेही गोल, तेही टकले, तेही चष्मेवाले. जुळे, आईला काही विचारायची सोय राहिली नाही, असं म्हणत खाली गेले. सेक्रेटरींना हे समजल्यावर त्यांनी जुळ्यांच्या दुकानात चष्म्यावर सवलत मागितली.

हा सगळा मान स्टोअरसाहेब खुशीत अंगावर घेत होते. ताईंचा राग निवळेल, फोटो बघितले की निवळेल, असं त्यांनी बाईसाहेबांना सांगितलं आणि कार्यक्रमासाठी फोटो लावायला बसले.

फोटोच नव्हते. म्हणजे होते, पण सगळे धाकटीचे. धाकटी रांगते, धाकटी शाळेत जाते, धाकटीचं लग्न. तीन लग्नांपैकी सॉफ्टवेअरने एकच ठेवलं होतं. ताईंचं लग्न झालंच नव्हतं. स्वतः स्टोअरसाहेबांचंही झालेलं नव्हतं. मॅनेजरसाहेब तर जन्मालाच आले नव्हते, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू, पण ती मनाशीसुद्धा उच्चारायची ती वेळ नव्हती. त्यांनी वर-खाली, मागे-पुढे सगळं शोधलं. मग बाईसाहेबांना बोलावलं, कारण दुसरा इलाज नव्हता.

बाईसाहेबांनी आपल्या लग्नाचं ऐकून घेतलं. ताईंच्या लग्नाचंही ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आणि आईचे?"

आईला सॉफ्टवेअरने धाकट्या मुलीची नक्कल ठरवलं होतं.

"एकही नाही?"

"एक आहे. पाठमोरा."

बाईसाहेब भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या भांडल्या नाहीत. आत गेल्या, ओट्यावर हात टेकून उभ्या राहिल्या, आणि नळ चालू करून तसाच वाहू दिला. स्टोअरसाहेबांच्या घरात नळ असा कधी वाहिला नव्हता. बंद करायला जायचा त्यांना धीर झाला नाही. आपण काय करून बसलो हे त्यांना त्या पाण्याच्या आवाजात नीट समजलं. तीन बहिणींची आई त्यांनी आपल्या हाताने, टिचकी मारून, घालवली होती, आणि कागदावरची तर आधीच रद्दीत दिली होती.

त्यांनी पहिल्यांदा तक्रार केली. फुकट सॉफ्टवेअर बनवणारी मंडळी जगभर आपापल्या घरी बसून हे काम करतात आणि तक्रारींसाठी त्यांची इंटरनेटवर एक चावडी असते. स्टोअरसाहेबांनी तिथे 'महोदय' पासून 'कळावे' पर्यंत सविस्तर लिहिलं. उत्तर लगेच आलं. त्यांची तक्रार आधीच्या एका तक्रारीची नक्कल असल्याने बंद करण्यात आली होती. ती आधीची तक्रार त्यांनी उघडली, तर तीही आणखी कुठल्या तक्रारीची नक्कल म्हणून बंद. ती उघडली, तर तीही बंद. असे ते माग काढत काढत गेले, गेले, आणि शेवटची जी तक्रार होती ती ज्या मूळ तक्रारीची नक्कल म्हणून बंद केली होती, ती त्यांचीच निघाली. वकीलबाईंना त्यांनी हे दाखवलं तेव्हा बाईंच्या डोळ्यांत आदर दाटून आला. "अख्खी कारकीर्द कोर्टात गेली माझी," त्या म्हणाल्या, "पण इतकं स्वच्छ काम नाही बघितलं."

मार्ग शेवटी फ्रीजवरच्या कात्रणांतच सापडला. पुसलेलं परत आणणारं फुकट सॉफ्टवेअर! त्यात लिहिलं होतं की, पुसलेली गोष्ट लगेच नाहीशी होत नाही, तिच्या जागी दुसरं काही येऊन बसेपर्यंत ती तिथेच असते. डॉक्टरांना हे तत्त्व फार पटलं. "आमचंही हेच म्हणणं आहे," ते म्हणाले. "काही नसलं की ते जास्त असतं. फक्त कांदा आणि कॉफी कॉम्प्युटरजवळ नेऊ नका." एरवी स्टोअरसाहेब हसले असते. त्या दिवशी त्यांनी स्वतः सगळे कांदे उचलून बाल्कनीत नेऊन ठेवले.

सॉफ्टवेअर चालू झालं. 'राहिलेला वेळ' म्हणून जे दाखवत होतं ते आधी काही मिनिटं होतं, मग एकदम अकरा वर्षं झालं, मग पुन्हा मिनिटांवर आलं. स्टोअरसाहेब समोरून हलले नाहीत. मधेच ती गोड बाई "थोडं पाणी प्या ना" म्हणाली तर ते निमूटपणे प्याले. बाईसाहेब दारातून येऊन पडद्याकडे बघायच्या आणि परत जायच्या. आणि मग फोटो यायला लागले. नावं नव्हती, तारखा नव्हत्या, पण चेहरे होते. शाळेच्या पायरीवर बसलेल्या ताई. पोहायला घाबरलेल्या बाईसाहेब. आणि आई, तिन्ही मुलींना एकाच पांघरुणात गुंडाळून उभी, फोटोवाल्याकडे बघून डोळे मिटलेली.

"अहो," बाईसाहेब मागून म्हणाल्या. दोन दिवसांतला त्यांचा तो पहिला शब्द. स्टोअरसाहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसतोय असं दाखवलं.

एवढ्यावर थांबले असते तर पुढचं टळलं असतं. पण फोटो येतच राहिले, हजारोंनी आले, आणि रविवार उजाडला होता. ताईंना धाकटीने समजावून, जवळजवळ ओढून, आणायचं ठरवलं होतं. आता एकेक फोटो उघडून बघायला वेळ नव्हता. शिवाय स्टोअरचा एक नियम स्टोअरसाहेबांच्या अंगात भिनलेला होता: खोकी मोजून घ्यायची, सील उघडायचं नाही. आत काय आहे ते ज्याचा माल त्याने बघावं. पहिले काही फोटो बरोबर आहेत एवढं त्यांनी पाहिलं, आईचा फोटो सगळ्यांत पुढे लावला, आणि आलेला सगळा माल जसाच्या तसा फोटो ओळीने दाखवणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये ओतला. ते अर्थातच फुकट होतं.

संध्याकाळी हॉल भरला. डॉक्टर आले, वकीलबाई आल्या, जुळे आले, सेक्रेटरी तर पहिल्या रांगेत. ताई आल्या त्या तोंड फिरवूनच बसल्या. मॅनेजरसाहेब कोटात होते. ते कॉम्प्युटरवर हात ठेवून म्हणाले, "चालतोय का अजून? मला वाटलं होतं, तुम्ही हा कागदांवर वजन म्हणून ठेवला असेल कुठे." चारचौघं हसले. स्टोअरसाहेबांनी दिवा मालवला.

पहिला फोटो आला. आई, तीन मुली, एक पांघरूण.

ताईंनी तोंड पडद्याकडे वळवलं. मग धाकटी हळूच म्हणाली, "ताई, यात मी रडतेय ना?" आणि ताई म्हणाल्या, "तू नाही, मी रडतेय. तू कायमच रडायचीस, त्यामुळे कुणाच्या लक्षात राहायचं नाही." बाईसाहेब दोघींच्या मधे जाऊन बसल्या. फोटो येत गेले. ताईंचं लग्न परत झालं. बाईसाहेबांचंही झालं. मॅनेजरसाहेब केसांसकट जन्माला आले. स्टोअरसाहेब अंधारात भिंतीला टेकून उभे होते, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना मोकळा श्वास घेता आला.

आणि मग फोटो संपून पडद्यावर एक हलणारं चित्र सुरू झालं. मॅनेजरसाहेब. कोटात. आपल्या घरी, याच कॉम्प्युटरसमोर बसलेले, मागे कपाट.

"उपस्थित मान्यवर," पडद्यावरचे मॅनेजरसाहेब म्हणाले, "आज मला हा सर्वोत्कृष्ट शाखाधिकाऱ्याचा जीवनगौरव पुरस्कार देऊन आपण..."

"कुठला पुरस्कार?" सेक्रेटरींनी विचारलं.

असा पुरस्कार कुणी कधी दिला नव्हता. कुठे देतही नसावेत. पुसलेलं परत आणणाऱ्या सॉफ्टवेअरने आपलं काम इतकं मनापासून केलं होतं की, कॉम्प्युटर इकडे येण्याआधी मॅनेजरसाहेबांनी त्यातून जे पुसलं होतं तेही खरवडून वर आणलं होतं. हॉलमधले मॅनेजरसाहेब ताडकन उठले. "बंद करा ते!"

स्टोअरसाहेब धावले. त्यांनी जे जे दाबता येईल ते दाबलं. पडद्याच्या कोपऱ्यात एक पाटी उमटली: कार्यक्रम मधेच थांबवण्याची सोय फक्त विकत घेणाऱ्यांसाठी. "घ्या मग विकत!" मॅनेजरसाहेब ओरडले. वकीलबाई मागून म्हणाल्या, "अटींमध्ये होतं हे."

पडद्यावर भाषण पुढे चाललं होतं. मुख्य कार्यालयाचे आभार झाले, शिपायाचे झाले. मग पडद्यावरच्या मॅनेजरसाहेबांनी कोटाची बाही ओढली आणि आवाज खाली आणला.

"आणि माझी पत्नी. माझ्या इतक्या बदल्या झाल्या. दर वेळी तिने घर मांडलं, दर वेळी उचललं. नव्या गावाचं नाव तिने कधी विचारलं नाही, फक्त सामान किती न्यायचं ते विचारलं. तिच्या वाढदिवसाला मी कुठे होतो ते मला आठवत नाही. तिने मात्र कधी आठवण करून दिली नाही. हे मी घरी कधी बोललो नाही. वेळ नव्हता असं नाही. जमलं नाही."



चित्र संपलं आणि लगेच दुसरं सुरू झालं. तोच कोट, तेच मान्यवर. मॅनेजरसाहेबांनी सराव केला होता. या खेपेला पत्नीचे आभार दोन वाक्यांत आटोपले होते. तिसऱ्या खेपेला फक्त 'कुटुंबीय' उरले होते. चौथ्यात तेही गेले आणि मुख्य कार्यालयाचे आभार मात्र दुप्पट झाले. मग एकदाचा कार्यक्रम संपला, आणि फुकट सॉफ्टवेअरने, आवडलं असल्यास मित्रांना सांगा, अशी विनंती केली.

दिवा लावायला कुणी पुढे होईना. शेवटी तो जुळ्यांपैकी एकाने लावला. मॅनेजरसाहेब भिंतीकडे बघत उभे होते. त्यांची एवढीशी झालेली मुद्रा बघून स्टोअरसाहेबांना आनंद व्हायला हवा होता, वर्षानुवर्षं ते त्याचीच वाट बघत होते. तो झाला नाही. उलट त्यांना साडूंना खुर्ची द्यावीशी वाटली, आणि त्यांनी ती दिली.

ताई उठून नवऱ्यासमोर आल्या.

"पहिलं चांगलं होतं," त्या म्हणाल्या. "ते का पुसलंत?"

"लांबलं होतं," मॅनेजरसाहेब पुटपुटले.

"लांबलं? एवढ्या वर्षांत एकदा बोललात, ते त्या डब्याशी बोललात, आणि वर लांबलं म्हणून कापलंत? मुख्य कार्यालय तेवढं राहू दिलंत!" ताईंचे डोळे भरून आले होते आणि आवाज मात्र चढत चालला होता. "चला घरी. पहिल्यापासून परत म्हणायचं. मान्यवरांशिवाय."

मॅनेजरसाहेब मुकाट्याने मागोमाग निघाले. दारात ते थांबले आणि स्टोअरसाहेबांना हळू आवाजात म्हणाले, "ती पहिली फाईल मला पाठवा हो. मला पाठ नाही राहिलं."

सगळे गेल्यावर बाईसाहेब कप गोळा करायला लागल्या. स्टोअरसाहेब मागोमाग बशा घेऊन गेले. एकंदरीत कार्यक्रम पार पडला, आई सापडली, ताईंचा राग गेला, आता थोडं कौतुक व्हायला हरकत नाही, असा त्यांचा हिशेब होता.

"अहो," बाईसाहेब कप विसळता विसळता म्हणाल्या, "त्या सॉफ्टवेअरला सगळं पुसलेलं सापडतं ना?"

"सगळं."

"तुमचं काही सापडलं का? माझ्याबद्दलचं?"

स्टोअरसाहेब मालाच्या बाबतीत कधी खोटं बोलले नव्हते. "नाही," ते म्हणाले.

"शोधलंत?"

"शोधायला आधी ते... म्हणजे मी कधी..." ते थांबले. पुसायलासुद्धा आधी काहीतरी बोललेलं असावं लागतं, हे त्यांना हातात बशी घेऊन उभ्या उभ्या समजलं. बाईसाहेबांनी नुसतं "हं" केलं आणि पुढचा कप उचलला.

ते हॉलमध्ये गेले. कॉम्प्युटरसमोर बसले. मॅनेजरसाहेब बोलले तसं कॅमेऱ्यात बोलायचं कसं, हे काही त्यांना माहीत नव्हतं, पण फ्रीजवर त्याचंही कात्रण होतं. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, घसा खाकरला, आणि पडद्यावर दिसणाऱ्या आपल्याच चेहऱ्याकडे बघत गप्प बसून राहिले. बाईसाहेब हात पुसत आल्या, थोडा वेळ दारात उभ्या राहिल्या, मग त्यांनी एक खुर्ची ओढली, पडदा हाताने बाजूला वळवला आणि बरोबर त्याच जागी, समोर, येऊन बसल्या.

"मी इथे आहे ना," त्या म्हणाल्या. "बोला. हे पण फुकटच आहे."

स्टोअरसाहेबांना शब्द आठवेनात, आणि जे आठवले ते सगळे कारखान्याचे होते.

"तुझा एकच नग आहे," ते कसंबसं म्हणाले. "बदली मिळत नाही. हरवला तर स्टोअर बंद करावं लागेल."

बाईसाहेबांनी पदराने डोळे टिपले, खुर्ची आणखी पुढे सरकवली आणि नीट सावरून बसल्या.

"परत म्हणा," त्या म्हणाल्या. "तेवढा नग काढा त्यातला, आणि परत म्हणा."